शरद ऋतूत पहिल्यांदाच राफ्टिंगला जाताना

शरद ऋतूत राफ्टिंगला, म्हणजे हवा भरलेल्या रबरी नावेतून (राफ्टमधून) उसळत्या नदीत, जाणारा नवखा माणूस बहुधा लाटांची धास्ती घेऊन येतो. प्रत्यक्षात, अनुभवी गाइडसोबत आणि नवख्यांना झेपेल अशा टप्प्यावर गेलेल्या माणसाला लाटांपेक्षा थंडीचा त्रास अधिक होतो. लाटा काही क्षणांत मागे पडतात, पण भिजलेल्या अंगाला लागणारा वारा, गार पाणी आणि लवकर मावळणारा दिवस यांची सोबत शेवटपर्यंत असते. म्हणून एका दिवसाच्या सहलीची तयारी करताना नदीची निवड, कपडे आणि पाण्यात पडल्यावर करायच्या हालचाली या तीन गोष्टींकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. वल्हे मारण्याचे कौशल्य त्याच दिवशी काठावर शिकवले जाते आणि नवख्याला लागते तेवढे ते सहज येते.

नदी आणि तिचे त्या दिवसाचे पाणी

शरदातल्या सगळ्या नद्या सारख्या नसतात, कारण पाणी कुठून येते यावर नदीचा त्या ऋतूतला स्वभाव ठरतो. केवळ वितळलेल्या बर्फावर वाहणारी नदी वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरलेली असते. शरदापर्यंत तिचे पाणी उतरते, एरवी बुडालेले खडक वर येतात आणि राफ्टला त्यांच्यामधून वळणे घेत वाट काढावी लागते. अशा वेळी पाण्याचा जोर कमी असतो, मात्र राफ्ट खडकावर अडकण्याचे आणि पाण्यात पडलेल्या माणसाला ठेच लागण्याचे प्रसंग वाढतात. मोसमी पावसावर वाढणाऱ्या नद्यांचे गणित याच्या उलट आहे. हिमालयातून उतरणाऱ्या अनेक नद्यांवर ऐन पावसाळ्यात राफ्टिंग बंद असते आणि पूर ओसरून पाणी निवळू लागल्यावर, साधारणपणे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, नवा हंगाम सुरू होतो. त्या वेळी पाणी अजून भरपूर असते आणि आठवड्यागणिक उतरत जाते.

तिसरा प्रकार धरणाखालच्या नद्यांचा. काही धरणांतून हिवाळ्यापूर्वी मुद्दाम पाणी सोडून जलाशय खाली आणला जातो, आणि त्यामुळे त्या नदीवर वर्षातले सर्वांत जोरदार पाणी शरदातच येते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील गॉली नदी याचे ठळक उदाहरण आहे. समर्सव्हिल धरणातून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या विसर्गावर तिचा राफ्टिंगचा हंगाम उभा आहे. शिवाय जलाशयाच्या तळाजवळून सोडलेले पाणी ऊन असलेल्या दिवशीही चांगलेच गार असू शकते. तेव्हा ‘शरदात पाणी कमी असते’ किंवा ‘शरदात पाणी जास्त असते’ अशा सरसकट विधानावर विसंबू नये. ज्या नदीवर जायचे, तिचे त्या आठवड्यातले पाणी किती आहे आणि ते नवख्यांना योग्य आहे का, हे आयोजकाला थेट विचारावे. उत्तर क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) किंवा क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) मिळेल. १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. हा आकडा एकटा काही सांगत नाही, कारण रुंद पात्रात जो विसर्ग संथ वाटतो तोच अरुंद घळीत उसळतो. त्या टप्प्यासाठी हा आकडा कमी, नेहमीचा की जास्त, हा पुढचा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा ठरतो.

रॅपिड, म्हणजे नदीतला उसळत्या पाण्याचा टप्पा, किती अवघड आहे हे सांगण्यासाठी एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरतात. पहिल्या श्रेणीत लहान लाटा आणि मोकळे पात्र असते. दुसऱ्या श्रेणीत वाट रुंद आणि समोर दिसणारी असते. तिसऱ्या श्रेणीत लाटा अनियमित होतात आणि राफ्ट नेमकी वळवावी लागते. चौथ्या श्रेणीत पाणी जोरकस आणि वाट अरुंद असते, पाचवीत लांबलचक, हिंसक आणि धोक्याचे टप्पे येतात, तर सहावी श्रेणी क्वचितच कोणी पार करण्याचा प्रयत्न करतो. पहिल्या दिवसासाठी दुसरी आणि तिसरी श्रेणी पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या श्रेणीसोबतची एक सूचना शरदात विशेष लक्षात ठेवावी: पाण्याचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर नदी एका श्रेणीने अधिक अवघड आहे असे धरून चालावे. उन्हाळ्यात तिसऱ्या श्रेणीचा वाटणारा टप्पा गार पाण्यात चौथ्या श्रेणीच्या सावधगिरीने घ्यायचा, असा याचा अर्थ.

नाव नोंदवण्यापूर्वी

आयोजकाला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते संकोच न करता विचारावेत. गाइडने पूरप्रवाहातील बचावाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का? राफ्टसोबत दुसरी राफ्ट किंवा बचावासाठी कायाक, म्हणजे लहान अरुंद होडी, असते का? वेटसूट (गार पाण्यात ऊब टिकवणारा घट्ट पोशाख), वरचे जलरोधक जॅकेट आणि पायातले बूट आयोजकाकडून मिळतात का, आणि ते आपल्या मापाचे असतील का? किमान वयाची आणि वजनाची अट काय आहे? पाणी अचानक वाढले किंवा फार उतरले तर सहल रद्द होते की दुसऱ्या टप्प्यावर नेली जाते? ज्याच्याकडे या प्रश्नांची शांत आणि नेमकी उत्तरे असतात, त्याने त्यांचा विचार आधीच केलेला असतो. ‘काळजी करू नका, सगळे होते’ एवढ्यावर जो विषय संपवतो, त्याच्यासोबत पाण्यात उतरू नये.

सुरू होण्याची आणि संपण्याची वेळही विचारावी. सप्टेंबरमधल्या विषुवदिनानंतर उत्तर गोलार्धात दिवस रात्रीपेक्षा लहान होत जातो आणि खोल घळीत सूर्य डोंगराआड बराच आधी जातो. दुपार कलल्यावर सावलीत ओल्या अंगाने वल्हवणे दमवणारे असते. शक्य असल्यास सकाळी सुरू होऊन दुपारी लवकर संपणारी सहल निवडावी.

आपल्या प्रकृतीबद्दल आयोजकाला खरे सांगावे. हृदयविकार, दमा, अपस्मार, पूर्वी निखळलेला खांदा, पाठीची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया, गर्भारपण या गोष्टी लपवण्यासारख्या नाहीत. गार पाण्यात अचानक पडल्यावर श्वास आणि हृदयाचे ठोके एकदम वाढतात, त्यामुळे हृदयाचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जाऊ नये. दम्याचा इनहेलर जलरोधक पिशवीत घालून गाइडकडे द्यावा आणि तो कुठे ठेवला आहे हे पाहून घ्यावे. पोहता येत नसेल तर तेही सांगावे. सोप्या टप्प्यांवर पोहता न येणाऱ्यांनाही अनेक आयोजक नेतात, मात्र गाइडला ते आधी कळले तर तो त्या व्यक्तीला आपल्याजवळ बसवतो आणि कोणावर आधी नजर ठेवायची हे ठरवतो.

कपडे

शरदातल्या सहलीचे यश बऱ्याच अंशी आदल्या रात्री भरलेल्या पिशवीवर ठरते. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते, म्हणून हवेचे तापमान पाहून कपडे ठरवणे चुकीचे आहे. कपडे पाण्याच्या तापमानासाठी घालावेत. काठावर थोडे उकडले तरी चालेल. तेवढ्यासाठी थर कमी करू नयेत.

सुती कपडा अंगाला लागता कामा नये, हा पहिला नियम. सुती बनियन, जीन्स आणि सुती मोजे पाणी धरून ठेवतात, जड होतात आणि वाऱ्यात अंग गारठवतात. अंगालगतचा थर लोकरीचा किंवा पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्याचा, पूर्ण बाह्यांचा आणि अंगासरशी बसणारा असावा. त्यावर वेटसूट येतो. निओप्रीन या स्पंजासारख्या रबरी कापडाच्या आतले लहान लहान हवेचे बुडबुडे उष्णता अडवतात, आणि सूट व अंग यांच्यामध्ये शिरलेला पाण्याचा पातळ थर शरीराच्या उष्णतेने कोमट होतो. वेटसूट अंग कोरडे ठेवत नाही आणि त्याचे ते कामही नाही. तो सैल असेल तर आतले कोमट पाणी निघून जाऊन सतत गार पाणी आत येते आणि सूट निरुपयोगी होतो. म्हणून चढवायला कष्ट पडणारा, अंगावर सुरकुत्या न पडणारा सूट योग्य मापाचा समजावा. मात्र खांदे फिरवता आले पाहिजेत आणि छाती भरून श्वास घेता आला पाहिजे.

वेटसूटवर वारा आणि तुषार अडवणारे हलके जॅकेट घालावे. अनेक नवखे हा थर टाळतात आणि नंतर पस्तावतात, कारण दिवसाचा बराचसा वेळ पाण्याबाहेर, वाऱ्यात, ओल्या कपड्यांत जातो. फार गार पाण्यात काही आयोजक ड्रायसूट देतात. त्याच्या मानेवरच्या आणि मनगटांवरच्या रबरी पट्ट्या पाणी आत येऊ देत नाहीत, पण तो स्वतः ऊब देत नाही; ऊब आतल्या लोकरी थरातून मिळते. ड्रायसूटची चेन पूर्ण बंद झाली आहे का, हे दुसऱ्याकडून तपासून घ्यावे.

पायांत लोकरीचे किंवा निओप्रीनचे मोजे आणि त्यावर घट्ट बांधता येणारे, जाड तळव्याचे बूट असावेत. चप्पल आणि सैल सँडल पहिल्याच लाटेत वाहून जातात, आणि अनवाणी माणूस काठावरच्या खडकांवर अडकून पडतो. हेल्मेटखाली पातळ टोपी घालता येते. हातमोजे घालायचे असल्यास वल्ह्याची पकड सुटत नाही ना, हे आधी पाहावे. चष्म्याला दोरी बांधावी. अंगठ्या, कडी आणि गळ्यातील साखळ्या मुक्कामीच ठेवाव्यात. वर ढग असले तरी पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन चेहरा भाजते, म्हणून सनस्क्रीन लावावे.

दुसरी पिशवी परतीसाठी भरावी: अंतर्वस्त्रांसह पूर्ण कोरडे कपडे, जाड स्वेटर, टॉवेल, लोकरी टोपी, कोरडे मोजे आणि बूट. ही पिशवी सहल जिथे संपते त्या ठिकाणी पोहोचेल ना, याची खात्री करून घ्यावी. अनेकदा सुरुवात आणि शेवट यांत मोठे अंतर असते आणि कपडे दुसऱ्याच टोकाला राहून जातात.

काठावर

त्या सकाळी भरपेट, पण नदीवर पोहोचण्याच्या बऱ्याच आधी खावे. थंडीशी झुंजणाऱ्या शरीराला इंधन लागते. मद्य पूर्ण वर्ज्य करावे, अगदी आदल्या रात्रीचेही जपून घ्यावे. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगात ऊब आल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात उष्णता वेगाने निघून जाते.

लाइफ जॅकेट घातल्यावर सर्व पट्टे खालून वर या क्रमाने आवळावेत. मग दुसऱ्या कोणाला खांद्यांवरच्या पट्ट्यांना धरून जोरात वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे किंवा मापाचे नाही. हेल्मेट कपाळ झाकणारे असावे आणि पट्टा लावल्यावर मागे ढकलून पाहिले तरी हलू नये. हे तपासून घेताना गाइडला त्रास देतो आहोत असे कोणालाही वाटू नये; चांगला गाइड प्रत्येकाचे पट्टे स्वतः ओढून पाहतोच.

त्यानंतर सुरक्षेच्या सूचना दिल्या जातात. हा सगळ्या सहलीतला सर्वांत मोलाचा वेळ असतो. छायाचित्रे काढणे थांबवून त्या पूर्ण ऐकाव्यात आणि न समजलेले पुन्हा विचारावे, कारण रॅपिडच्या गर्जनेत शिकवायला वेळ नसतो. नदीचा डावा आणि उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे खाली पाहताना ठरतो, ही परिभाषाही येथेच पक्की करून घ्यावी.

राफ्टमध्ये

बसण्याची जागा राफ्टच्या बाहेरच्या फुगीर कडेवर असते, आत नव्हे. पहिल्यांदा हे धोक्याचे वाटते, पण आत बसून वल्हे पाण्यापर्यंत पोहोचत नाही. एक पाय पुढच्या आडव्या फुगीर पट्टीखाली किंवा तळाला लावलेल्या खोबणीत अडकवावा आणि दुसरा मागे टेकवावा. पाय घट्ट बसला पाहिजे, मात्र ओढल्यावर निघालाही पाहिजे. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. तिच्यावरचा हात कधीही सोडू नये. राफ्टमध्ये दात पडतात आणि ओठ फुटतात ते बहुतेक याच मोकळ्या सुटलेल्या मुठीमुळे.

वल्हे मारताना हातांनी ओढण्यापेक्षा कमरेतून पुढे वाकून पाते पूर्ण बुडवावे आणि धड मागे आणत पाणी ढकलावे. पुढे बसलेल्या दोघांची लय बाकीच्यांनी धरायची असते. सहा जणांनी एकत्र मारलेले साधे वल्हे, प्रत्येकाने आपापल्या वेळी मारलेल्या जोरदार वल्ह्यापेक्षा राफ्टला अधिक पुढे नेते. गाइडच्या आज्ञा मोजक्या असतात. ‘फॉरवर्ड’ म्हटल्यावर पुढे, ‘बॅक’ म्हटल्यावर उलटे वल्हवायचे. ‘स्टॉप’ म्हणजे वल्हे पाण्याबाहेर. ‘गेट डाउन’ ऐकताच कडेवरून आत तळाशी बसून, एका हाताने दोरी आणि दुसऱ्याने वल्ह्याची मूठ धरायची. ‘हाय साइड’ ही आज्ञा राफ्ट खडकावर आडवी आदळून एक बाजू वर उचलली जाऊ लागली की येते. तेव्हा सगळ्यांनी ताबडतोब त्या वर उचललेल्या, बहुधा खडकाच्या बाजूच्या कडेवर झेप घ्यायची असते. मनाचा कल याच्या उलट, खडकापासून दूर सरकण्याचा असतो, आणि तसे झाले की प्रवाह खालची कड दाबून राफ्ट उलटवतो.

रॅपिडमध्ये भीती वाटली की माणूस वल्हे वर धरून थिजतो. त्याच क्षणी वल्हे पाण्यात ठेवणे उपयोगाचे असते, कारण पाण्यात रुतलेले पाते शरीराला आधार देते आणि प्रवाहापेक्षा वेगळ्या गतीने चालणारी राफ्टच गाइडला वळवता येते.

पाण्यात पडल्यावर

पडणे हा या खेळाचा नेहमीचा भाग आहे. गार पाण्यात पडताच छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते आणि श्वास आवरत नाही. ही पहिली लाट साधारण मिनिटभरात ओसरते. गार पाण्यातल्या जगण्याबद्दल १-१०-१ असा एक ठोकताळा सांगितला जातो: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातापायांची उपयोगी हालचाल करता येईल अशी सुमारे १० मिनिटे, आणि थंडीने शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण १ तास. लाइफ जॅकेट अंगावर असेल तर पहिल्या मिनिटात एकच काम आहे: तोंड पाण्याबाहेर ठेवून लांब श्वास सोडणे. लाट तोंडावर येते तेव्हा श्वास धरावा आणि दोन लाटांमधल्या खोलगट भागात घ्यावा.

त्यानंतर पाठीवर व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे, गुडघे किंचित वाकलेले आणि बुटांची टोके पाण्याबाहेर दिसतील अशी ठेवावीत. समोर आलेला खडक तळव्यांनी ढकलता येतो. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पाणी गुडघ्याच्या वर आहे आणि तळाशी खडक आहेत, अशा ठिकाणी पाय खडकांच्या फटीत अडकला तर प्रवाह शरीराला पुढे ढकलून पाण्याखाली दाबतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा अंगावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे उथळ दिसणारे पाणीही धडधाकट माणसाला उठू देत नाही. काठाशी, जवळपास थांबलेल्या पाण्यात, अंग तळाला लागेपर्यंत पोहत किंवा सरपटत यावे आणि मगच उभे राहावे.

राफ्ट जवळ असेल तर तिच्या बाहेरून फिरवलेली दोरी पकडावी. आत ओढणारा माणूस लाइफ जॅकेटच्या खांद्यांवरचे पट्टे धरतो आणि स्वतः मागे रेलतो. पाण्यातल्या माणसाने त्याच वेळी पाय मारावेत. हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. डोके राफ्टखाली आले तर दोन्ही हात वर टेकवून एकाच दिशेने सरकत राहावे. राफ्टची रुंदी थोडीच असते आणि कड लगेच सापडते. राफ्ट दूर गेली असेल तर गाइड दोरीची पिशवी फेकतो. पिशवी न धरता दोरी धरावी, ती छातीशी दोन्ही हातांत घेऊन पाठीवर वळावे आणि दोरी खांद्यावरून मागे जाऊ द्यावी. ती हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये, कारण गरज पडल्यास ती तत्क्षणी सोडता आली पाहिजे.

शरदात आणखी एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. पावसाळ्यातल्या पुरांनी आणि वादळांनी पडलेली झाडे पात्रात अडकून राहतात. त्यांच्या फांद्यांमधून पाणी निघून जाते, माणूस मात्र अडकतो. अशा झाडाकडे वाहत जात असल्यास पाठीवरची स्थिती सोडून पालथे व्हावे आणि सर्व जोर लावून काठाकडे पोहावे. ते टाळणे अशक्यच झाले, तर डोके पुढे करून वेगाने पोहत त्या खोडावर छाती टेकवून वर चढावे. पाय पुढे ठेवून फांद्यांत शिरणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

थंडी ओळखणे

गाइडला आठ जणांच्या शरीरातले काही दिसत नाही, म्हणून हे काम प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्यासाठी करायचे. अंग कापणे ही सुरुवात आहे आणि तोपर्यंत शरीर स्वतःला सावरत असते. बोटांनी चेन लागत नाही, शब्द अडखळतात, पाय लटपटतात, माणूस चिडचिडा किंवा अकारण गप्प होतो, ही पुढची चिन्हे आहेत. ज्याला हे होते त्याला स्वतःला ते कळत नाही आणि विचारल्यावर तो ‘मी ठीक आहे’ असेच सांगतो. त्यामुळे त्याच्या उत्तरावर न थांबता लगेच गाइडला सांगावे. अंग कापणे थांबले आणि माणूस गोंधळलेला असला, तर ती सुधारणा नसून वैद्यकीय आणीबाणी असते.

मधल्या विश्रांतीत बसून न राहता उभे राहून हालचाल करावी, काहीतरी गोड खावे आणि गरम पेय मिळत असल्यास घ्यावे. तहान जाणवत नसली तरी पाणी प्यावे. गारठा जाणवू लागला तर ‘शेवटपर्यंत निभावू’ असे न ठरवता त्याच वेळी जास्तीचा थर मागावा. बहुतेक गाइड जलरोधक पिशवीत एखादे जॅकेट ठेवतात.

उतरल्यावर

राफ्ट काठाला लागली की ती उचलायला मदत करावी, कारण त्या श्रमाने अंग गरम राहते. मग गप्पा आणि छायाचित्रे बाजूला ठेवून आधी कपडे बदलावेत. ओला थर पूर्ण काढून, अंग पुसून, आधी डोके आणि धड झाकावे, नंतर हातपाय. पाण्यातून बाहेर आल्यानंतरही शरीराचे तापमान थोडा वेळ उतरत राहू शकते, म्हणून काही जणांना गाडीत बसल्यावर अधिक थंडी वाजते. जो स्वतः गाडी चालवणार आहे त्याने अंग कापणे थांबेपर्यंत आणि बोटांत पूर्ण संवेदना येईपर्यंत निघू नये. वेटसूट परत करताना तो फाटला असल्यास किंवा एखादा पट्टा सैल असल्यास गाइडला आवर्जून सांगावे, म्हणजे उद्या तोच सूट घालणाऱ्या माणसाला तो दुरुस्त होऊन मिळेल.